वाल्मिक कोणाला उत्तर देत होता

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. गुरुवारी संध्याकाळी सुरतेतल्या रिंग रोडच्या मार्केटात साड्यांची बिलं काढता काढता, शेठची नजर चुकवून, मी आमच्या पॉडकास्टचा नवा भाग चढवला आणि चुकीचा चढवला.

पॉडकास्टचं नाव ‘तिकीट वाया’. मी बुद्धभूषण आणि माझा मित्र वाल्मिक, असे आम्ही दोघं दर आठवड्याला नव्या सिनेमांची हजामत करतो. दोघांपुढं दोन माइक असतात. माझा आवाज एका फाइलमध्ये जातो, वाल्मिकचा दुसऱ्या. त्याच्या माइकमध्ये माझा जो पुसटसा आवाज शिरतो, तो मी आधी पुसून घेतो. मग दोन्ही फाइली एकमेकींवर बसवतो, खोकले कापतो, माझे विनोद ठेवतो, वाल्मिकचे जास्त चांगले असतात म्हणून नाइलाजानं तेही ठेवतो, आणि अशी तयार झालेली तिसरी फाइल लोकांना ऐकवतो. त्या दिवशी मी तिसरीच्या जागी दुसरी चढवली. म्हणजे एकेचाळीस मिनिटं एकटा वाल्मिक. मी त्यात कुठंच नव्हतो.

शुक्रवारी सकाळी पहिली प्रतिक्रिया आली. ‘भूषणभाऊ नसले की कार्यक्रम बरा होतो.’ ती मी मोठ्या मनानं सोडून दिली. दुसरी चंचल नावाच्या मुलीची होती, ती आमचा प्रत्येक भाग ऐकते. तिनं लिहिलं होतं, ‘वाल्मिकभाऊ या वेळी ज्या काकांशी बोलत होते ते कोण? त्यांचा आवाज का नाही ठेवला?’

मी मार्केटच्या जिन्यात जाऊन कानात इयरफोन घातले आणि फाइल पहिल्यापासून ऐकली.

माझे प्रश्न आणि त्याची उत्तरं मी स्वतः जोडली होती आणि जोडताना ती बऱ्यापैकी जुळली होती. कुठं तिरपं उत्तर आलं तर तो विनोदाचाच भाग आहे असं धरून मी मोठ्यानं हसलो होतो. आता माझं हसणं नव्हतं. नुसता वाल्मिक होता, आणि त्याच्या दोन वाक्यांमधल्या जागा होत्या.

“हां, पाहिला ना,” वाल्मिक म्हणत होता. मग चार सेकंद काही नाही. “नाही, मी मागच्या रांगेत होतो. तुम्ही?” परत थोडी जागा. “बरं. मग तो क्लॅरिनेटवाला पहिल्यापासून नव्हताच?” या वेळी सहा सेकंद. आणि मग हळू आवाजात, “मग वरातीत वाजवत कोण होतं?”

वाल्मिक मला आजवर कधीही ‘तुम्ही’ म्हणालेला नाही. रविवारी रेकॉर्डिंगला बसलो तेव्हा आम्ही एका पोलिसांच्या सिनेमावर बोलत होतो. त्यात वरात नव्हती आणि क्लॅरिनेटही नव्हतं. बँडवाल्यांचा एक सिनेमा येणार होता खरा, पण तो त्याच दिवशी, शुक्रवारी, लागायचा होता. आमचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा तो सुरतेत कोणी पाहिलेला असायचं कारण नव्हतं.

“भूषण, बिल थयुं के?” बिलं झाली का म्हणून वरून शेठनं हाक मारली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि तीनचा खेळ गाठला.

थेटरात पंधरा माणसं असतील. सिनेमा लग्नात वाजवणाऱ्या एका बँडचा होता, गाणी बरी होती, नायकाला अभिनयाची घाई होती. शेवटी बँडमास्तरला वीस वर्षांपूर्वीचा एक फोटो सापडतो. सगळे ओळीत उभे असतात आणि मधोमध एका माणसाएवढी जागा मोकळी असते. बँडमास्तर त्या जागेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, “मग वरातीत वाजवत कोण होतं?”

माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी बॅग ठेवली होती. ती उचलून मी मांडीवर घेतली. नंतर वाटलं, हे उलटंच झालं, खुर्ची रिकामी करून दिली. मग बॅग परत ठेवायला हात होईना.

संध्याकाळपर्यंत शिव्या सुरू झाल्या. सिनेमा लागायच्या आधी शेवट फोडला म्हणून. नेहमी आम्हाला चारशे माणसं ऐकायची, त्यातली साठ आमच्याच गावाकडची. शनिवारी सकाळी आकडा अकरा हजारांवर गेला होता.

वाल्मिक छत्तीस वर्षांचा आहे. शिंदखेड्याकडचा. सोळाव्या वर्षी सुरतेला आला आणि कतारगामच्या एका खात्यात लागला. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथं तो एकटा बारा लूम सांभाळतो. वीस वर्षं दोन ओळींमधल्या बोळातून फिरून त्याची चालच तशी झाली आहे. मोकळ्या रस्त्यावरही तो कोपरं अंगाशी धरून, थोडा तिरका चालतो, जणू दोन्ही बाजूंनी काहीतरी धडधडतं आहे. गप्पा मारताना हाताशी दोरा लागला तर एका हातानं गाठ मारून ठेवतो. माझ्या शर्टाच्या सुटलेल्या दोऱ्यांना अशा किती गाठी आहेत ते मोजायला पाहिजे.

आमची ओळख एका भिकार सिनेमाच्या मध्यंतरात झाली. मी बाहेर आलो तर हा पॉपकॉर्नच्या रांगेत दोन अनोळखी माणसांना पहिला अर्धा भाग सांगत होता, आणि बहुतेक हातांनीच. नायिकेची गाडी, तिचा कुत्रा, कुत्र्याची गाडी. मी हसलो. तो वळून म्हणाला, “हसतो काय भो, पुढचा अर्धा मी इथंच सांगतो. आत जाऊन डोळे कशाला खराब करतो?” आणि त्यानं सांगितला. मी तरीही आत गेलो. तो सांगितल्यासारखाच निघाला, पण त्या सिनेमाचा शेवट थेटरातल्या पंख्यालाही माहीत असेल, म्हणून त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

माझं शिक्षण दोंडाईच्यात बी.ए.पर्यंत, म्हणून तो मला मास्तर म्हणतो. कोसाडच्या वसाहतीत माझी एक खोली आहे, शेजारच्या इमारतीत तो आणि त्याची बायको वैशाली. पहिला भाग चढवला तेव्हा त्यानं वैशालीवहिनीला समोर बसवून तो पूर्ण ऐकायला लावला होता. ऐकून झाल्यावर मला म्हणाला, “वीस वर्षं झाली खात्यात. माझा आवाज कसा आहे ते आमच्या शेठला विचार, सांगता येणार नाही त्याला. मीच विसरलो होतो.” मग थोडं थांबून, “मास्तर, मला काढायचा झाला तर आधी सांगशील. एकदम नवीन माणूस आणून बसवू नको.”

“तुला काढून कोणाला आणू? लोक तुझ्यासाठी येतील, मी मध्ये मध्ये पाणी पाजेन,” मी म्हणालो होतो.

तो तेव्हा माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, प्रेमानं बघतो आहे.

रविवारी दुपारी तो आला. माझ्या खोलीत खिडकीखाली खाट आहे, तिच्यावर तो बसतो. समोर टेबल आणि पलीकडं मी. माझ्या पाठीमागं एक माणूस उभा राहील एवढी जागा, आणि मग लोखंडी कपाट.

“काय भो, तोंड काबर पाडी बठना?” वाल्मिक म्हणाला.

तोंड पडायचं कारण, म्हणजे झालेली चूक, मी त्याला सांगितली, हेडफोन दिले आणि तीच जागा लावली, क्लॅरिनेटची. तो डोळे मिटून ऐकायला लागला. मान डोलवली. एकदा हसला. मग हेडफोन काढून म्हणाला, “मस्त आलंय की. उगाच घाबरतो.”

मी हेडफोनच्या वायरीकडे बघितलं. तिचं दुसरं टोक माझ्या हातातच होतं. मी ते लावायचं विसरलो होतो.

त्याच वेळी दारातून वैशालीवहिनी आत आली. शेवभाजीचा डबा घेऊन आली होती. तिनं वायर बघितली, त्याचा चेहरा बघितला आणि डबा टेबलावर ठेवला.

“त्याले ऐकू येत नही, भाऊ,” ती मला म्हणाली. “वरीस व्हई गयं.”

वाल्मिकनं तिचे ओठ वाचले असणार. त्यानं हेडफोन अलगद घडी करून ठेवले, पोराचे कपडे ठेवावेत तसे, आणि नखाखालचा तेलाचा काळा काढत बसला.

पुढचं तिनंच सांगितलं. कान तपासून झाले होते. आतली नस वर्षानुवर्षं झिजत शेवटी गेली, मशीन लावून फार फरक पडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात ती कुकरच्या शिट्ट्या त्याला बोटांवर दाखवते. खात्यात तर कोणाला पत्ताच नाही, कारण तिथं ऐकू येणारे आणि न येणारे सारखेच. त्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात, हातांनी चहा मागतात, भुवयांनी शेठ आल्याचं सांगतात.

“म्हणजे वर्षभर तू माझे ओठ वाचून कार्यक्रम केला?” मी विचारलं.

“त्याच्याकडं तोंड करून बोला,” वहिनी म्हणाली.

मी वळून परत विचारलं.

“तुझे ओठ सोपे आहेत. विनोद करायच्या आधी वाकडे होतात,” वाल्मिक म्हणाला. “पण तू तो गोळा आणला.”

गोळा म्हणजे माझ्या नव्या माइकवरचा काळा स्पंज. तीन महिन्यांपूर्वी मी मोठ्या हौसेनं घेतला होता. आवाज रेडिओसारखा येतो. तो तोंडापुढं धरला की नाकाखालचं काही दिसत नाही.

“मग सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर तू म्हणाला असता, आराम कर.” त्यानं माझ्याकडं बघितलं. “दोन रविवार मी अंदाजानं बोललो. तिसऱ्या रविवारी धुडकूमामा दिसला.”

“कोण?”

“आमच्या खात्यातला. समोरच्या ओळीचा.” त्यानं हनुवटीनं माझ्या खांद्यावरून पलीकडं दाखवलं. “तिथं. तुझ्यामागं. मला वाटलं, बरं झालं, कोणाचे तरी ओठ दिसतात.”

वैशालीवहिनी डब्याचं झाकण उघडत होती, ती थांबली.

धुडकूमामाबद्दल त्यानं सांगितलं ते असं. म्हातारा सुट्टीच्या दिवशी सिनेमा बघायचा आणि आठवडाभर वाल्मिकला सांगायचा, लूमच्या पलीकडून, ओठ आणि दोन हात वापरून. धागा तुटला की सिनेमा थांबायचा, गाठ मारली की पुढं सुरू. मारामारीला तीन दिवस लागायचे. वाल्मिक सुरतेत नवा होता, खिशात तिकिटाचे पैसे नव्हते, त्याचे पहिले दीडदोनशे सिनेमे असे पाहून झाले. खात्याबाहेर मामाच्या तोंडात कायम पान, तो बोलतच नसे. म्हणून त्याचा आवाज कसा होता ते वाल्मिकला माहीत नाही. चार वर्षांपूर्वी मामा गावाला गेला आणि तिकडंच वारला. निरोप आला तेव्हा लूम चालू होते. वाल्मिकला ते कळलं तेसुद्धा दुसऱ्या कारीगराच्या ओठांवरूनच.

हे सगळं तो बिगारीचा हिशेब सांगावा तसं सांगत होता. खिडकीतून ऊन येत होतं, खाली कोणीतरी पाण्याची मोटर लावली होती, टेबलावर शेवभाजीचा वास. मी मागं वळून बघितलं. कपाट होतं. कपाटाच्या दारावर माझाच फिकट आकार पडला होता.

अशा वेळी माणसानं काय म्हणावं? मी जे म्हणालो ते लिहायला लाज वाटते. पण अकरा हजार हा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावापुढं पाहिला होता.

“मग त्यांना पुढच्या शुक्रवारचा विचार ना,” मी म्हणालो. “तो दोन बहिणींचा येतोय तो.”

माझं तोंड उघडं होतं. त्यानं ते नीट वाचलं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, डबा परत बंद केला आणि निघून गेली.

त्या दिवशी मी मुद्दाम स्पंज तोंडापुढं घेतला. वाल्मिक माझ्या खांद्यावरून बघत राहिला आणि बोलत राहिला. मी काय विचारत होतो याला काही अर्थ नव्हता, म्हणून शेवटी शेवटी मी नुसते आकडे म्हटले, एक ते पन्नास. त्याची उत्तरं चोख येत होती. “धाकटी लिफ्टमधून बाहेरच येत नाही? ... आणि मोठी रोज तिच्यासाठी बटन दाबते. बरं, बरं.”

शुक्रवारी सिनेमा लागला. धाकटी बाहेर आली नाही. मोठी रोज येऊन बटन दाबत होती.

त्या आठवड्यात आकडा चाळीस हजारांवर गेला. मार्केटातली पोरं मला ओळखायला लागली, शेठनं पहिल्यांदा पूर्ण नावानं हाक मारली. आणि वाल्मिक माझ्याकडं बघेनासा झाला.

म्हणजे बघायचा, पण थोडं बाजूनं. अमरोलीला जाताना शेअर रिक्षात मी गप्प बसलो होतो, तो हसला आणि म्हणाला, “खरं आहे.” माझ्या पलीकडं एक बाई बसली होती. तिनं पदर सावरला आणि पुढच्या स्टॉपवर उतरून गेली.

वैशालीवहिनी मंगळवारी सकाळी, मी कामाला निघताना, जिन्यात आडवी आली. ती मोठ्यानं बोलणाऱ्यातली नाही. नळाला पाणी आलं का, एवढ्याच आवाजात ती म्हणाली, “जेवायला बसतो तर माझ्यामागं बघतो. मी भाकरी वाढते आणि तो म्हणतो, बस व्हयनं, मामा. काल मी त्याचं तोंड धरून माझ्याकडं वळवलं. मला म्हणाला, थांब, मध्यंतर होऊ दे.”

मी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“तुमचा कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “बंद केला तर तो मरेल. पण तुम्ही त्या गोळ्यामागं बसता आणि त्याला दुसऱ्याच्या हवाली करता. माझ्या घरात तो तेवढाच उरलाय, जेवढा मी हातानं धरून ठेवते.”

मी हो म्हणालो. स्पंज काढतो म्हणालो. आणि रविवारी दुपारी टेबलाशी बसलो तेव्हा स्पंज माइकवरच होता, कारण चाळीस हजार लोक पुढच्या शेवटाची वाट बघत होते आणि मला वाटलं, एवढा एक घेऊ.

वाल्मिक खाटेवर बसला. मी रेकॉर्डिंग सुरू केलं, नेहमीचं स्वागत केलं, स्पंजमागं तोंड घातलं. तो माझ्या खांद्यावरून बघायला लागला. मग म्हणाला, “आज मामा सिनेमा सांगत नाही.”

मी स्पंज बाजूला केला. “मग काय सांगतो?”

“कोसाडची खोली आहे म्हणतो. दुपार आहे. दोघं बसलेत. एकाचं तोंड दिसत नाही.” त्याचा आवाज एकदम साधा होता, आपण बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. “खाली मोटर चालू आहे. जिन्यात बाई उभी आहे, आत येऊ की नको करतेय.”

मोटर चालू होती. जिन्यात कोणी आहे का ते बघायला मी उठलो नाही.

“पुढं?” मी विचारलं. सवय वाईट असते.

वाल्मिकनं मान खाली घातली. एकदम, झटक्यानं, कोणी मानेवर हात ठेवून दाबावी तशी. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि फरशीकडं बघत राहिला.

“शेवट सांगतोय,” तो म्हणाला. “मी बघत नाही.”

आपल्याला नको ते ऐकू आलं तर आपण कान झाकतो. वाल्मिकला मान खाली घालण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं.

“थांबला का?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं. “मला कळणार नाही. तू बघून सांग.”

मी वळून बघितलं. कपाटच होतं. पण माझ्यामागची ती जागा, एका माणसाएवढी, मला पहिल्यांदा नीट दिसली. तिथं मी कधी काही ठेवलं नव्हतं. झाडूसुद्धा नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही.

त्याला सांगायला मी तोंड उघडलं, पण तो तर खाली बघत होता. मी काहीही बोललो असतो तरी त्याला पोचलं नसतं. आणि त्यानं मान वर केली तर त्याला आधी कोण दिसेल, हे मला ठरवायचं होतं.

मी माइकवरचा स्पंज उपटला आणि खिडकीतून बाहेर टाकला. खालून एक शिवी आली, अस्सल सुरती. मग मी खुर्ची मागं रेटली. पाय फरशीला लावून रेटत रेटत नेली, पाठ कपाटाला लागेपर्यंत, अंगठा जाईल एवढीही फट ठेवली नाही. कपाटाचं पत्र्याचं दार पाठीला थंड लागलं, एप्रिलच्या दुपारी. टेबल पुढं ओढलं आणि हात लांब करून वाल्मिकच्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या.

त्यानं मान हळूहळू वर केली. आधी माझे पाय बघितले. मग गुडघे, मग शर्टाची बटनं एकेक. हनुवटीपर्यंत आला आणि थांबला.

“बोल,” तो म्हणाला.

दीड वर्षात मी सत्तर भाग केले, विनोदाला कधी कमी पडलो नाही. त्या वेळी विनोद बाजूला ठेवला.

“वहिनीनं आज काय केलंय?” मी विचारलं.

तो माझे ओठ बघत होता. एकदा बघितले, खात्री पटली नाही, म्हणून भुवया उडवल्या. मी परत विचारलं, सावकाश.

“वांग्याचं भरीत,” तो म्हणाला. “तुला बोलावलं नाही. रागावली आहे.” आणि मग त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं, कितीतरी दिवसांनी. “मास्तर, ओठ थरथरतात तुझे. त्यामुळं अक्षर खराब येतं.”

जिन्यात खरंच वैशालीवहिनी उभी होती. ती आत आली आणि खाटेच्या टोकाला बसली. तो भाग आम्ही कधी चढवला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी वाल्मिकनं स्वतःच सुरुवात केली. “नमस्कार. मी वाल्मिक. मला अजिबात ऐकू येत नाही, आणि तरीसुद्धा या आठवड्याचा सिनेमा मला सहन झाला नाही.” हे त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं. मी हसलो तो आवाज स्पंज नसल्यामुळं फटाक्यासारखा फुटला, आणि मी तो तसाच ठेवला. आता वहिनी दर वेळी खाटेच्या टोकाला बसते. मी लॅपटॉपकडं वळलो की माझं बोलणं ती त्याला हातांनी सांगते. मध्ये मध्ये स्वतःचं घालते, असा मला संशय आहे, कारण कधी कधी तो माझ्या साध्या वाक्यावर फारच हसतो.

चाळीस हजारांतले सहाशे उरले. बाकीच्यांनी महिनाभर ‘काका कुठं गेले’ विचारलं आणि मग सोडून दिलं. चंचल अजून ऐकते. वाल्मिक खात्यात जातो, बारा लूम चालवतो. मामा तिथंही दिसतो का, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, “तिथं आता त्या ओळीला नवीन पोरगा आहे. ओडिशाचा. त्याचे ओठ अजून मला लागत नाहीत.”

मागच्या रविवारी निघताना तो दारात थांबला. चप्पल घालता घालता म्हणाला, “एक राहिलं, मास्तर. खात्यात आमचा एक कायदा आहे. ज्यानं सिनेमा घेतला त्यानं एक सिनेमा द्यायचा. फुकट कोणी सांगत नाही. माझं मामाकडं सगळं चुकतं झालं आहे, मी मोजून दिलेत. बँडवाला त्यानं आपणहून सांगितला, तो धरत नाहीत. पण दोन बहिणींचा तू मागितला होता.”

“मी तुला विचारायला सांगितलं होतं.”

“तेच,” तो म्हणाला. “तो तुझ्या नावावर आहे.”

“आणि द्यायचा कसा?”

“खात्यातल्यासारखा. आवाज काढायचा नाही. समोर बघून, ओठांनी. मामा घाई करत नाही, पण विसरतही नाही.” त्यानं हे चेष्टेत म्हटलं की खरं, ते मला कळलं नाही. त्याचे ओठ मला वाचता येत नाहीत.

मी असल्या गोष्टी मानत नाही. आमच्या घरात कोणी मानत नाही, लहानपणापासून भुताला घाबरलो तर आई पाठीत धपाटा घालायची. तरीही सिनेमा मी निवडून ठेवला आहे. साधाच आहे, सव्वादोन तासांचा, शेवट गोड. काल दुपारी आरशासमोर उभा राहून पहिला प्रसंग आवाज न काढता सांगून बघितला. बरा जमला. नायक स्टेशनवर उतरतो तिथपर्यंत गेलो आणि आरशात माझ्या खांद्यापलीकडं बघायची वेळ येईल असं वाटलं, म्हणून थांबलो.

खरा सांगायचा तर खुर्ची पुढं ओढावी लागेल, कपाटापासून एका माणसाएवढी, आणि तिकडं तोंड करून बसावं लागेल. खुर्ची मी अजून हलवलेली नाही.